शिट्टी थांबल्यानंतरची शिस्त

महाविद्यालयात आलेला खेळाडू अर्धा मोठा झालेला असतो. शाळेत असताना त्याच्या दिवसावर घरच्यांची आणि गुरुजींची नजर असते. पदवीच्या पहिल्या वर्षाला आला की तासाला बसायचे की नाही, रात्री किती वाजता झोपायचे, हातात आलेले शंभर रुपये कशावर खर्च करायचे आणि कोणाच्या गाडीवर मागे बसायचे, हे त्याचे त्यालाच ठरवावे लागते. आंतरविद्यापीठ स्पर्धांसाठी खेळाडूचे वय 17 ते 25 असावे लागते. पुढचा विचार करणे, मोह आवरणे, परिणाम तोलणे ही कामे मेंदूच्या ज्या पुढच्या भागाकडे असतात, त्याची वाढही साधारण पंचविशीपर्यंत चालू राहते, असे मेंदूविज्ञान सांगते. म्हणजे शरीर सर्वांत जोमात असते, त्याच वर्षांत समज अजून घडत असते. महाविद्यालयीन प्रशिक्षकाचे काम नेमके या वर्षांत येते. त्याला पदके आणायची असतात, आणि त्याच मैदानावर अठरा वर्षांच्या पोराला बावीस वर्षांचा जबाबदार माणूसही करायचे असते.

वर्धा जिल्ह्यातल्या आठ तालुक्यांपैकी समुद्रपूर हा एक. नागपूर-हैदराबाद महामार्गावरचे जाम आणि बाबा फरीद यांच्या दर्ग्यामुळे प्रसिद्ध असलेले गिरड ही गावे याच तालुक्यात येतात. कापूस, सोयाबीन आणि तूर ही इथली पिके आणि काळी कसदार माती ही इथली जमीन. समुद्रपूरचे विद्या विकास महाविद्यालय, हिंगणघाटचे रा. सु. बिडकर महाविद्यालय किंवा वर्ध्याची जुनी महाविद्यालये ही सारी राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत आहेत. 1923 साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत नागपूर शहरातली मोठी महाविद्यालये आणि तालुक्याच्या गावातली छोटी महाविद्यालये एकाच मैदानात उतरतात. शहरातल्या खेळाडूला सिंथेटिक ट्रॅक, मॅट आणि जिम हाताशी असते. तालुक्याच्या खेळाडूकडे पाय, मैदान आणि एक सर असतात. त्यामुळे शिस्त कशी घडते हे पाहायला तालुक्याचे महाविद्यालय ही योग्य जागा आहे. सोयी कमी असल्या की प्रशिक्षकाचे काम उघडे दिसते.

सर कोण असतात

महाविद्यालयात या पदाला ‘शारीरिक शिक्षण व क्रीडा संचालक’ म्हणतात. मुले ‘सर’ किंवा ‘मॅडम’ म्हणतात. या पदासाठी शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट लागते. शिवाय विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत शारीरिक क्षमतेची चाचणीही आहे. तीस वर्षांपर्यंतच्या पुरुष उमेदवाराला 12 मिनिटांत 1800 मीटर आणि स्त्री उमेदवाराला 8 मिनिटांत 1000 मीटर अंतर पार करावे लागते. शिकवणाऱ्याने आधी स्वतः धावून दाखवावे, ही अपेक्षा नियमातच लिहिलेली आहे.

प्रत्यक्षात एकाच माणसाला सगळे पाहावे लागते. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, ॲथलेटिक्स, कुस्ती, क्रॉस कंट्री असे अनेक खेळ, प्रत्येकाचे पात्रता पत्रक, निवड चाचणी, प्रवासभत्त्याचा हिशेब, ओळखपत्रे, गुणपत्रिकांच्या छायाप्रती आणि शिवाय सराव. एवढ्या खेळांचे तंत्र एका माणसाला सारख्या खोलीने येणे शक्य नसते. म्हणून तालुक्याच्या महाविद्यालयात प्रशिक्षकाची खरी छाप तंत्रापेक्षा सवयींवर पडते. रेडरला नवा डाव शिकवणे कधी जमते, कधी जमत नाही. त्याला सकाळी साडेपाचला मैदानावर उभे करणे मात्र रोज जमवावे लागते.

विदर्भात या कामाला जुनी परंपरा आहे. अमरावतीला वैद्य बंधूंनी 1914 साली श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे केले. 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. विदर्भातल्या शारीरिक शिक्षकांच्या कित्येक पिढ्या अमरावतीच्या मैदानावर घडल्या आणि गावोगावच्या शाळा-महाविद्यालयांत गेल्या. शरीर कमावताना चारित्र्यही कमवायचे, हा त्या आखाड्याचा आग्रह. इथल्या क्रीडासंस्कृतीच्या मुळाशी तोच आहे.

वेळेची शिस्त

शिस्तीची पहिली पायरी वेळ. कारण ती मोजता येते आणि तिच्याबाबत वाद घालता येत नाही. अनुभवी प्रशिक्षक हंगामाच्या पहिल्याच दिवशी दोन-तीन नियम सांगतात आणि तेवढेच पाळून घेतात. सराव ठरल्या वेळी सुरू होईल. येता येणार नसेल तर आदल्या दिवशी कळवायचे. सरावाला मोबाईल पिशवीत राहील. वीस नियमांचा तक्ता लावला की त्यातले पंधरा मोडले जातात आणि उरलेल्या पाचांचीही किंमत जाते.

समुद्रपूरसारख्या ठिकाणी या नियमाची खरी परीक्षा शेती घेते. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचा मोसम पावसाळ्याच्या अखेरीस सुरू होऊन थंडीपर्यंत चालतो. त्याच दिवसांत सोयाबीनची सोंगणी येते आणि मागोमाग कापसाची वेचणी. मजूर मिळत नाहीत, आभाळ भरून आलेले असते आणि घरातला धडधाकट पोरगा मैदानावर धावत असतो. “सर, उद्या सोंगणी हाय, येनं होत नाही,” हे वाक्य दर मोसमात ऐकू येते. इथे प्रशिक्षकासमोर दोन सोपे मार्ग असतात. एक, नियम म्हणजे नियम म्हणून मुलाला संघाबाहेर काढणे. दुसरा, गरीब घरचा आहे म्हणून सगळे सोडून देणे. पहिल्याने चांगला खेळाडू जातो आणि दुसऱ्याने संघाचा नियम जातो.

चांगला प्रशिक्षक तिसरी वाट काढतो. कळवून गैरहजर राहिलेल्याला तो परत घेतो, पण बुडालेला सराव भरून काढायला सांगतो. शेतातून संध्याकाळी परतल्यावर गावच्या रस्त्यावर तीन किलोमीटर धावायचे आणि दुसऱ्या दिवशी किती वेळ लागला ते सांगायचे. न कळवता गैरहजर राहिलेल्याला मात्र, तो संघातला सर्वोत्तम रेडर असला तरी, पुढच्या सरावसामन्यात बाहेर बसवायचे. यातून मुलाला फरक कळतो. अडचण येणे हा गुन्हा नाही. आपल्यावर विसंबलेल्या सहा जणांना अंधारात ठेवणे ही चूक आहे. तो पुढे नोकरीला लागेल, संसार करेल, तेव्हा अडचणी थांबणार नाहीत. त्या आधी सांगायच्या असतात, ही सवय त्याला इथेच लागते.

शरीराची काळजी

दुसरी पायरी शरीराची. तरुण खेळाडूला शरीर फुकट मिळालेले वाटते. तो वॉर्मअप टाळतो, दुखणे लपवतो, पाणी कमी पितो, रात्री उशिरापर्यंत मोबाईल पाहतो आणि सकाळी उपाशीपोटी वेगाची शर्यत मारतो. विदर्भात उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांवर जातो, तेव्हा हा निष्काळजीपणा जिवावर बेतू शकतो. त्यामुळे मार्चनंतर सराव उजाडताना आटोपणे, दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी, चक्कर-मळमळ वाटताच सावलीत नेणे आणि अंग ओले करणे, हे नियम इथे शिस्तीचाच भाग मानावे लागतात. काळी मातीही काळजीचा विषय आहे. पावसाळ्यात ती चिकट होऊन पाय धरून ठेवते आणि उन्हाळ्यात तिला पाय मुरगळण्याएवढ्या भेगा पडतात. मैदानावर मुरूम टाकून रोलर फिरवल्याशिवाय कबड्डीचा सराव घेणे म्हणजे गुडघे धोक्यात घालणे.

दुखापत सांगणे हा धीटपणा आहे, हे मुलांच्या गळी उतरवायला वेळ लागतो. बाहेर बसवतील या भीतीने मुले घोटा सुजला तरी पट्टी बांधून खेळतात. ज्या संघात दुखापत सांगणाऱ्याची जागा सुरक्षित राहते, तिथे मुले वेळेवर बोलतात. जिथे ‘नाटक करतो’ असे ऐकावे लागते, तिथे ती लपवतात आणि पुढे महिनाभर घरी बसतात.

याच्याच पुढची पायरी औषधांची. तालुक्यापर्यंत जिम पोहोचल्या, त्यांच्याबरोबर डब्यांतली पावडरही पोहोचली. डब्यात काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. शर्यतीआधी वेदनाशामक इंजेक्शन घेण्याचे सल्ले तर मित्रच देतात. सप्टेंबर 2023 मध्ये दिल्लीच्या राज्य ॲथलेटिक्स स्पर्धेत उत्तेजक तपासणीचे अधिकारी आल्याची बातमी पसरली आणि पुरुषांच्या 100 मीटर अंतिम शर्यतीला एकच धावपटू उभा राहिला. देशाच्या राजधानीत जे घडले, ते रोखायला कायदा आहे, राष्ट्रीय संस्था आहे, प्रयोगशाळा आहे. तरीही मुलाच्या हातातला डबा सर्वांत आधी दिसतो तो त्याच्या सरांना. ‘हे काय घेतोस, कोणी दिले, दाखव,’ हा प्रश्न वेळेवर विचारणारा माणूस मैदानावर असला, तर निम्मे काम तिथेच होते.

मैदान तयार करणे

वर्धा जिल्ह्याला शिक्षणाचा एक मोठा वारसा आहे. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकीर हुसेन समितीने पुढे ‘नई तालीम’ची रूपरेषा मांडली. हाताने काम करता करता शिकणे हे तिचे सूत्र. समुद्रपूरच्या मैदानावर ते नाव कोणी घेत नसेल, पण तालुक्याच्या क्रीडासंचालकाची रोजची पद्धत त्या सूत्राच्या जवळ जाते.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी कबड्डीचे मैदान आखायचे असते. सुतळी आणि टेप घेऊन दोघे कोपरे धरतात. कर्ण मोजून काटकोन बरोबर आला का ते तपासतात. मग तिसरा चुन्याने पट्टे मारतो. मध्यरेषा, निदान रेषा, बोनस रेषा, लॉबी, एकेक करून मैदान उभे राहते. ज्या मुलाने स्वतः बोनस रेषा आखली, त्याला ती कुठे आहे हे डोळे मिटूनही कळते, आणि दुसऱ्या दिवशी ती कोणी पायाने पुसली तर त्याला राग येतो. साहित्य मोजून घेणे आणि मोजून परत ठेवणे, चेंडूत हवा भरणे, जाळे गुंडाळणे, जर्सी धुऊन परत देणे ही कामे शिपायावर न सोडता खेळाडूंत फिरती वाटली की मालकीची भावना येते. यात एकच काळजी घ्यावी लागते. ही कामे शिक्षा म्हणून द्यायची नाहीत आणि फक्त ज्युनिअरांच्या माथी मारायची नाहीत. तिसऱ्या वर्षाचा कर्णधार झाडू घेतो तेव्हा पहिल्या वर्षाचा मुलगा आपोआप पाण्याचा ड्रम उचलतो.

रागावणे आणि सांगणे

शिस्त म्हटली की डोळ्यांसमोर ओरडणारे सर येतात. पण यशस्वी प्रशिक्षक सरावात प्रत्यक्षात काय बोलतात, याचा अभ्यास झाला आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेचे बास्केटबॉल प्रशिक्षक जॉन वुडन यांनी बारा वर्षांत दहा राष्ट्रीय महाविद्यालयीन विजेतेपदे मिळवली. 1974-75 च्या हंगामात रोनाल्ड गॅलिमोर आणि रोलँड थार्प या दोन मानसशास्त्रज्ञांनी त्यांचे पंधरा सराव बसून पाहिले आणि शिकवण्याच्या 2326 कृती टिपल्या. त्यातल्या निम्म्या कृती काय करायचे आणि कसे करायचे एवढेच सांगणाऱ्या होत्या. निव्वळ कौतुक आणि निव्वळ रागावणे, दोन्ही प्रत्येकी सात टक्क्यांच्याही आत. हेच वुडन नव्या खेळाडूंना पहिल्या दिवशी मोजे सुरकुती न पडता कसे घालायचे आणि बुटाची नाडी कशी बांधायची हे शिकवत. फोड आला तर खेळता येत नाही, एवढेच त्यामागचे कारण.

दुसरा अभ्यास वॉशिंग्टन विद्यापीठाच्या रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मोल यांचा. त्यांनी लहान मुलांच्या बेसबॉल प्रशिक्षकांना चूक झाल्यावर धीर कसा द्यायचा, प्रयत्नाचे कौतुक कसे करायचे आणि अपमान न करता चूक कशी सांगायची याचे छोटे प्रशिक्षण दिले. अशा प्रशिक्षकांचे संघ इतरांपेक्षा जास्त सामने जिंकले नाहीत. पण 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांच्याकडच्या केवळ 5 टक्के मुलांनी पुढच्या हंगामात खेळ सोडला. इतर प्रशिक्षकांकडच्या 26 टक्के मुलांनी तो सोडला होता. ज्या तालुक्यात मुलींचा खो-खो संघ जमवताना धाप लागते, तिथे या आकड्यांचा अर्थ सरळ आहे. बोलणे सुधारले तर संघ टिकतो.

महाराष्ट्रात कडक गुरूंची परंपराही मोठी आहे आणि तिचा आदर करावाच लागतो. शिवाजी पार्कचे क्रिकेट प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सर तिचे ठळक उदाहरण. आपल्यासाठी लावलेला सरावसामना सोडून शाळेच्या दुसऱ्या संघाचा सामना बघायला गेलेल्या लहानग्या सचिन तेंडुलकरला त्यांनी फटकारले होते. दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवण्यापेक्षा लोक तुझ्यासाठी टाळ्या वाजवतील असे खेळ, हा त्या रागावण्याचा आशय तेंडुलकरने पुढे अनेकदा सांगितला आहे. आचरेकरांचेच शिष्य चंद्रकांत पंडित 2017 साली विदर्भाच्या रणजी संघाचे प्रशिक्षक झाले. तोवर एकदाही रणजी करंडक न जिंकलेल्या विदर्भाने 2017-18 आणि 2018-19 अशी लागोपाठ दोन वर्षे तो जिंकला. पंडित यांची कडक शिस्त सर्वांना ठाऊक आहे. पण त्या शिस्तीबरोबर प्रत्येक खेळाडूला आपले संघातले काम नेमके काय, हेही माहीत होते. आचरेकर सर स्कूटरच्या मागे बसवून सचिनला एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत आणि स्टंपवर एक रुपयाचे नाणे ठेवून बाद न होता खेळायला लावत. असे कष्ट शिष्याने पाहिलेले असले की रागावणे त्याच्या मनाला लागते आणि कामी येते. आधी कष्ट न दाखवता फक्त रागावणे उचलणाऱ्या प्रशिक्षकांनी मात्र अनेक चांगली मुले मैदानापासून तोडली आहेत.

निर्णय सोपवणे

शिस्त आणि परिपक्वता यांत एक अंतर आहे. सांगितलेले वेळेवर करणे ही शिस्त. सांगणारा नसताना योग्य ते ठरवणे ही परिपक्वता. पहिलीकडून दुसरीकडे नेण्यासाठी प्रशिक्षकाला हळूहळू स्वतःचे निर्णय खेळाडूंच्या हाती द्यावे लागतात.

कबड्डी हा यासाठी उत्तम वर्ग आहे. रेडरकडे तीस सेकंद असतात. दोन रेड रिकाम्या गेल्या की तिसरी ‘डू ऑर डाय’ होते. बोनस घ्यायचा, हात मारायचा की वेळ काढून परत यायचे, हे शिट्टी वाजल्यावर सर बाहेरून सांगू शकत नाहीत. म्हणून सरावात प्रशिक्षक मुद्दाम परिस्थिती लावतात. दोन मिनिटे बाकी, आपण एका गुणाने पुढे, समोर पाच खेळाडू. रेड संपली की ‘असे का केलेस?’ हा प्रश्न. उत्तर चुकीचे असले तरी ऐकून घेतले जाते. काही आठवड्यांत मुले एकमेकांना हा प्रश्न विचारू लागतात. खो-खोमध्येही तेच. कोणाला खो द्यायचा, कधी द्यायचा, पाठलाग करणाऱ्याने दिशा कशी सांभाळायची, हे सगळे क्षणात ठरते. जानेवारी 2025 मध्ये नवी दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताचे दोन्ही संघ जिंकले आणि दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे होते. महाराष्ट्राच्या खो-खोत खेळाडूच्या बुद्धीला किती जुना मान आहे, हे त्यातून दिसते.

वर्षागणिक जबाबदारी वाढवण्याची पद्धत तालुक्याच्या महाविद्यालयांत सहज बसते. पहिल्या वर्षी स्वतःचे किट आणि वेळ. दुसऱ्या वर्षी एका नव्या खेळाडूची जबाबदारी, त्याला वॉर्मअप शिकवणे, तो का आला नाही याची चौकशी करणे. तिसऱ्या वर्षी संघाचा सराव, प्रवासातली मोजदाद, पंचांशी बोलण्याचा अधिकार. नागपूरला स्पर्धेला जाताना बसस्थानकावर सर्व जण आले की नाही हे कर्णधाराने मोजायचे आणि सरांना सांगायचे. या साध्या कामात चार वेळा चूक होते. पाचव्या वेळी होत नाही.

निर्णय खेळाडूवर सोपवावा लागतो, हे तिरंदाजीतही दिसते. साताऱ्याचे प्रवीण सावंत हे पोलीस दलातले कर्मचारी. उसाच्या शेताजवळच्या साध्या मैदानावर त्यांनी तिरंदाजी अकादमी उभी केली. त्यांच्याकडे घडलेली सतरा वर्षांची अदिती स्वामी आणि नागपूरहून तिथे राहायला गेलेला एकवीस वर्षांचा ओजस देवतळे हे दोघे ऑगस्ट 2023 मध्ये बर्लिनमध्ये कंपाउंड प्रकारात जगज्जेते झाले. अंतिम लढतीत ओजसने 150 पैकी 150 गुण घेतले. बाणावर हात असतो तेव्हा प्रशिक्षक मागे उभा असतो, पण बाण कधी सोडायचा हे तिरंदाजालाच ठरवावे लागते. पंधरा बाण एकापाठोपाठ तसे सोडण्यासाठी लागणारी शांतता साताऱ्याच्या त्या मैदानावर, रोजच्या एकसुरी सरावात कमावलेली होती.

निवड न होणे

संघात मोजक्या जागा आणि चाचणीला चाळीस मुले, म्हणजे बहुतेकांच्या वाट्याला नकार येणार. विद्यापीठाचा कलर मिळवणे, अंगावर विद्यापीठाचा ब्लेझर येणे, हे तालुक्याच्या खेळाडूचे मोठे स्वप्न असते आणि ते थोड्यांचेच पुरे होते. नकार कसा दिला जातो, यावर मुलगा पुढे मैदानावर येतो की नाही हे ठरते. फलकावर यादी लावून निघून जाणे सोपे. वगळलेल्याला बाजूला घेऊन ‘तुझी पकड चांगली आहे, दम कमी पडतो, डिसेंबरपर्यंत हे कर’ असे सांगणे अवघड, पण परिणाम त्याचाच होतो.

नकारातून उठलेल्यांची उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. कुस्तीगीर खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात असताना वार्षिक क्रीडास्पर्धेत शरीरयष्टी लहान म्हणून क्रीडाशिक्षकांनी त्यांना घेतले नाही. खाशाबा सरळ प्राचार्यांकडे गेले, परवानगी मिळवली आणि आपल्याहून धिप्पाड मल्लांना चीत केले. 1948 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ते सहावे आले. 1952 ला हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले, तेव्हा प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्यांचा जन्मदिवस, 15 जानेवारी, आता महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन आहे. एका महाविद्यालयाने एका खेळाडूला आधी नाकारले आणि नंतर तिथल्याच प्राचार्यांनी त्याच्यासाठी घर गहाण टाकले, हा इतिहास प्रत्येक निवड समितीने लक्षात ठेवावा.

विदर्भाचे उदाहरण क्रिकेटपटू उमेश यादवचे. नागपूरजवळच्या वलनी या कोळसाखाणीच्या वस्तीतला हा मुलगा सैन्यात आणि पोलिसांत भरती होण्याचा प्रयत्न करून परत आला. कुठल्याही क्लबकडून खेळला नाही म्हणून महाविद्यालयाच्या संघात त्याला जागा मिळाली नाही. तो विदर्भ जिमखान्याकडून खेळू लागला, 2008 मध्ये रणजीत उतरला आणि 2011 मध्ये कसोटी खेळला. विदर्भाकडून कसोटीपर्यंत पोहोचलेला तो पहिला खेळाडू. निवड समित्यांनी कागदपत्रांबरोबर मुलाच्या अंगातला दमही पाहायला हवा, हे या उदाहरणातून कळते.

पुस्तक, भरती आणि प्रमाणपत्र

समुद्रपूर भागातली बरीच मुले मैदानावर येतात ती पोलीस भरतीसाठी. पहाटे रस्त्याच्या कडेने धावणारे घोळके प्रत्येक तालुक्यात दिसतात. पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणीला 50 गुण असतात. मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धाव, दोघांनाही 100 मीटर आणि गोळाफेक. त्यानंतर 100 गुणांची लेखी परीक्षा. अनेक मुले वर्षभर फक्त धावतात आणि लेखी परीक्षेत मागे पडतात. चांगले प्रशिक्षक म्हणून सरावाबरोबर वाचनाचाही हिशेब मागतात. पुढच्या वर्गात गेल्याशिवाय आंतरविद्यापीठ संघात जागा नाही, हे ते पहिल्याच दिवशी सांगतात. नव्या शैक्षणिक धोरणात क्रीडेला क्रेडिट मिळू लागले आहेत. मैदानावर न येता केवळ सही करून क्रेडिट मागणाऱ्याला नाही म्हणणे, हेही शिस्तीचेच काम आहे.

खेळाडूंना राज्य शासनाच्या नोकऱ्यांत 5 टक्के समांतर आरक्षण आहे. ही सोय कष्टाळू मुलांसाठी मोठी आधाराची आहे. तिचा गैरफायदा घेऊन बनावट क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणेही राज्यात उघड झाली आणि पडताळणी कडक करावी लागली. खरे खेळलेल्या पोराची जागा खोटे प्रमाणपत्र घेऊन जाते. म्हणून न खेळलेल्याचे नाव यादीत घुसवायला, वयाचा दाखला बदलायला, दुसऱ्याच्या ओळखपत्रावर खेळवायला प्रशिक्षकाने दिलेला ठाम नकार हा मुलांनी पाहिलेला सर्वांत मोठा धडा असतो. खोटेपणाने एक सामना जिंकून देणारे सर मुलांना आयुष्यभराची वाईट सवय देऊन जातात.

मुली आणि मर्यादा

मुलींच्या बाबतीत प्रशिक्षकाला घरापर्यंत जावे लागते. सराव संपल्यावर गावाची शेवटची एसटी मिळेल का, बाहेरगावी मुक्काम कुठे, सोबत कोण, हे आई-वडिलांचे प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे सराव सुरू होण्याआधी मिळायला हवीत. मुलींच्या संघासोबत महिला व्यवस्थापक, स्वतंत्र निवास, पालकांकडे संपर्क क्रमांक, मासिक पाळीच्या दिवसांत सरावाचा भार कमी करण्याची मोकळीक, हे सगळे व्यवस्थेचा भाग आहे. त्यात कोणावर उपकार नाहीत.

प्रशिक्षकाच्या अधिकाराला सीमा असते, हेही मुलांना आधीच सांगायला हवे. मारहाण, शिवीगाळ, रात्री-अपरात्री संदेश, एकट्याला खोलीवर बोलावणे, यातले काहीही शिस्तीत बसत नाही. लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानुसार महाविद्यालयात अंतर्गत तक्रार समिती असावी लागते आणि तिच्या सदस्यांची नावे फलकावर असायला हवीत. ज्या मुलीला तक्रार कुठे करायची हे माहीत आहे, ती निर्धास्त खेळते. आपल्यावरही नियम चालतात हे जो प्रशिक्षक उघडपणे मान्य करतो, त्याचे नियम मुले मनापासून पाळतात.

एवढे सगळे एका माणसाच्या खांद्यावर असते आणि तो माणूसच नसेल तर काहीच उरत नाही. जिथे क्रीडासंचालकाचे पद रिक्त राहते, तिथे स्पर्धेच्या आठवडाभर आधी कोणा प्राध्यापकाच्या हाती यादी दिली जाते, मुले थेट सामन्यालाच भेटतात आणि हरून परततात. तिथे शिस्त शिकवायला वर्षच शिल्लक नसते. तालुक्याच्या प्रत्येक महाविद्यालयात पूर्णवेळ क्रीडासंचालक, मुरूम टाकलेले एक बरे मैदान, मुलींसाठी स्वच्छतागृह आणि प्रथमोपचाराची पेटी, एवढ्या चार गोष्टी संस्थाचालकांनी, विद्यापीठाने आणि शासनाने मिळून द्याव्यात. पालकांनी आणि गावकऱ्यांनी संध्याकाळी कधी तरी मैदानावर चक्कर मारावी आणि सरांना विचारावे, ‘आमचा पोरगा कसा आहे?’ सोंगणीच्या दिवसांतही आदल्या दिवशी सांगून जाणारा आणि परतल्यावर एकटाच तीन किलोमीटर धावणारा मुलगा समुद्रपूरच्या मातीत घडू शकतो. त्याला घडवणारे सर तिथे असतील, एवढी तजवीज आपण करायला हवी.